गोल चर्चच्या मागच्या अंगाला

सोलापूरला आल्यावर पहिल्या वर्षी मला सगळ्यात जास्त छळलं ते तिथल्या आवाजांनी. कर्नाटकच्या हद्दीवरच्या दुधनीला आमच्या घरी पहाटे अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, जात्याची घरघर असायची, मागे गोठ्यात म्हशीचं फुरफुरणं, आणि मधूनच गुलबर्ग्याकडे जाणाऱ्या मालगाडीची लांबून येणारी शिट्टी. सोलापुरात काकांचं घर विणकरांच्या वस्तीला लागून होतं. भिंतीपलीकडचे माग सकाळी एकदा खटाखट सुरू झाले की दिवे लागेपर्यंत थांबायचे नाहीत. घराला घड्याळ होतं, पण काकूचा विश्वास गिरणीच्या भोंग्यावर. "भोंगा झाला, ऊठ." "भोंगा झाला, डाळ टाक." गल्लीतल्या बायका तेलुगूत भांडायच्या, नळावरचं भांडण दखनीत मिटायचं, घरात काका-काकू मराठी बोलायचे आणि माझ्या तोंडात सगळं कानडी. काकांनाही कानडी येत होतं. आळंद-अफजलपूरकडचा शेतकरी तूर घेऊन आडतीवर आला की ते अस्सल कानडीत भाव पाडायचे. घरात मात्र नाही. "शहरात राहायचं तर शहरासारखं बोलावं," असं त्यांचं म्हणणं. मी शहरासारखं बोलायला गेले की काकूची दोन पोरं तोंडाला हात लावून हसायची, म्हणून मी बोलणंच कमी केलं. इतकं कमी केलं की शाळेतल्या बाईंनी काकांना निरोप पाठवला, मुलीचे कान तपासून घ्या.

काकू वाईट नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा गोष्टीत काकू आली की वाचणारे तिच्या हातात लाटणं देऊन मोकळे होतात. तिनं मला कधी उपाशी ठेवलं नाही. उलट गरम भाकरी पहिली माझ्या ताटात पडायची, त्यावर शेंगाची चटणी, चटणीत तेलाची धार. आदल्या दुष्काळात रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खाल्लेल्या पोरीला ते ताट म्हणजे सणच होता. पण त्या घरात माझ्या आईचं नाव कुणी घेत नव्हतं. माझ्या भल्यासाठीच घेत नव्हते, हे मला आता कळतं. तेव्हा वाटायचं, अव्वा नावाची बाई या जगात होती हे फक्त मला एकटीलाच ठाऊक आहे, आणि मीही विसरले तर संपलंच. काकूनं एकदा पुरणाचं वाटण करता करता "तुझी आई यात जायफळ..." असं म्हटलं, आणि जीभ चावून गप्प बसली. ते अर्धं वाक्य मी कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरलं.

अव्वा श्रावणात गेली. ताप आला, तालुक्याला न्यायचं ठरेपर्यंत सगळं आटोपलं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला जाळत नाहीत आणि आडवंही ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात. खड्ड्याच्या पोटात कोनाडा करतात, त्यात बसवून तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग देतात, भोवती विभूती आणि बेल. आमच्या घरची सगळी माणसं ओढ्याकाठच्या शेतात अशीच बसलेली आहेत, आजोबा, आजी, थोरले काका, शेजारी शेजारी. पण त्या वर्षी दुष्काळाचा सूड घेतल्यासारखा पाऊस लागला होता. ओढ्याकाठी कुदळ मारली की पाणी लागत होतं. मग पुरुषमंडळींनी वरच्या माळावरच्या शेतात, एका कडुलिंबाखाली जागा केली. मला घरीच ठेवलं होतं. रात्री बायकांच्या बोलण्यातून कानावर पडलं ते एवढंच: "गौरव्वा तिकडं एकटीच बसली की गं." त्यानंतर महिन्याच्या आत मला सोलापूरला आणून सोडलं, आणि वर्ष भरायच्या आत अप्पांनी दुसरं लग्न केलं. म्हशीची धार काढायला, भाकरी थापायला घरात बाई पाहिजे, असं सगळ्यांनी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. पण मला रात्रंदिवस एकच दिसायचं: माळावर, लिंबाखाली, जमिनीच्या आत, माझी आई मांडी घालून एकटी बसली आहे. मला रडू येत नव्हतं. दगड झाली होती पोरगी.

आता चर्चचं सांगते. तेव्हा सोलापुरात एक नवं चर्च झालं होतं आणि गावाला त्याचं फार कौतुक होतं. सगळे त्याला गोल चर्च म्हणायचे. खरं तर ते गोल नव्हतं, आठ कोनांचं होतं, पण गावानं एकदा नाव ठेवलं की कोन मोजायला कोण जातं? आमचे काका मात्र त्याला 'कॅथेड्रल' म्हणायचे. हा शब्द त्यांनी मुंबईहून आलेल्या एका व्यापाऱ्याकडून उचलला होता आणि तो वापरायची संधी ते शोधत असायचे. "त्या कॅथेड्रलला खांब नाही बघ एकपण," ते जेवताना म्हणायचे. "सगळं सिमेंट-काँक्रीट. छप्पर कसं, कागदाला घड्या घातल्यासारखं. कधीतरी डोक्यावर येणार ते." काका स्वतः आत कधी गेले नव्हते.

मी गेले ती शाळेबरोबर. चित्रकलेच्या बाई नव्या विचारांच्या होत्या. मडकं आणि सीताफळ काढून काढून मुली कंटाळल्यात, आता इमारत काढू, असं म्हणून त्यांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळ्या वर्गाला चालवत तिकडे नेलं. दोघी-दोघींनी हात धरून रांग करायची होती. वर्गात मुली विषम संख्येत होत्या, तेव्हा शेवटी कोण राहिलं ते सांगायला नको. बाईंनी माझा हात धरला, आणि ते एकटीनं चालण्यापेक्षा वाईट होतं.

दारात फादर उभे होते. गोरे, उंच, पांढऱ्या झग्यातले. जर्मनीचे की कुठले होते देव जाणे, पण मराठी असं बोलत की आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. "मुलींनो, आत या आणि स्थानापन्न व्हा," ते म्हणाले. आमच्यातल्या निम्म्या मुलींना हे स्थानापन्न कसं व्हायचं ते कळेना, म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग फादर स्वतः एका बाकावर बसून दाखवायला लागले, तेव्हा हशा पिकला.

आत मला पहिल्यांदा जाणवला तो गारवा. मग उजेड. भिंतींना खिडक्या अशा नव्हत्याच. काँक्रीटमध्ये लाल, निळ्या, पिवळ्या काचांचे जाड तुकडे बसवले होते आणि त्यातून ऊन येऊन शहाबादी फरशीवर सांडत होतं. मुली त्या रंगांत हात धरून खेळायला लागल्या, माझा निळा, तुझा तांबडा. मधोमध थोड्या उंचवट्यावर दगडी वेदी, तिच्यावर पांढरं कापड, आणि ते कापड आपल्याच पूर्व भागातल्या हातमागावर विणलेलं आहे असं फादरांनी मुद्दाम सांगितलं. वेदीच्या तिन्ही बाजूंनी बाकं. देवळात देव समोर असतो आणि आपण सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे असतो. इथं मी बसले तर समोर मुलींचीच तोंडं. फादर सांगत होते की चर्च असं बांधण्याचं कारणच ते आहे, सगळ्यांना एकमेकांची तोंडं दिसावीत. मला वाटलं, बरोबर आहे, पण अशा इमारतीत एकट्या माणसानं लपायचं कुठं?

एका मुलीनं विचारलं, "फादर, हे कॅथेड्रल आहे ना?" मी खाली मान घातली, कारण हा शब्द मीच वर्गात आणला होता. फादर हसले. म्हणाले, "ज्या चर्चमध्ये बिशपांची खुर्ची असते, ते कॅथेड्रल. ती खुर्ची पुण्याला आहे. आमच्याकडे केवळ बाकं आहेत." काकांना हे मी कधीच सांगितलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत कॅथेड्रलच म्हटलं.

मग फादरांनी इतिहास सांगितला. आधी इथं रेल्वे आली. रेल्वेबरोबर इंजिन चालवणारे आले, गार्ड आले, त्यात गोव्याचे होते, मद्रासकडचे होते. त्यांच्यासाठी याच जागेवर पत्र्याच्या छपराचं एक लहान चर्च झालं. पाऊस पडायला लागला की पत्र्याच्या आवाजात फादरांचं प्रवचन ऐकू यायचं नाही, आणि लोक म्हणे त्या पावसावर फार खूश असायचे. पुढे गिरण्या वाढल्या, नगरकडची माणसं कामाला आली, जागा पुरेना. भिंतींना चिरा गेल्या. त्याच सुमाराला रोमला जगभरच्या बिशपांची मोठी सभा भरली आणि तिथं ठरलं की प्रार्थना आता लोकांच्या भाषेत होईल आणि फादर लोकांकडे पाठ करून नाही, तोंड करून उभे राहतील. तेव्हा जुनं पाडून हे नवं बांधलं. जुन्यातली एक घंटाच तेवढी ठेवली. "आता येथे मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, मराठीत होते," फादर म्हणाले, आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांची भाषा! मी मनात म्हटलं, माझी कुणी विचारली का?

मुली चित्र काढायला अंगणात बसल्या. मला पुढची बाजू मिळाली नाही, म्हणून मी वळसा घालून मागच्या अंगाला गेले. आणि तिथं, नव्या भिंतीला अगदी खेटून, जुनी थडगी होती. फार नव्हती, मूठभरच. सिमेंटचे लांबलचक ओटे, डोक्याशी क्रूस. मी वही खाली ठेवली आणि बघतच राहिले. आमच्याकडची समाधी केवढी असते? चौरंगाएवढी. बसलेल्या माणसाला लागते केवढी जागा! आणि हे ओटे तर एवढे लांब. एका ओट्यात चार-पाच माणसं तरी आरामात बसतील. मला वाटलं, ही माणसं आपल्या घरच्यांना शेजारी शेजारी एकाच ओट्यात बसवतात. गुडघ्याला गुडघा लावून. जेवायला पंगत बसते तसं. वाचणाऱ्याला हसू येईल. पण माणूस पुरला म्हणजे तो बसलेलाच असणार, यापलीकडे मला काही माहीतच नव्हतं. दुधनीला पीरसाहेबांचा दर्गा होता आणि तिथली मजार लांब होती, पण पीर म्हणजे मोठा माणूस, त्याचं सगळंच मोठं, असं मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. दगडावर इंग्रजीत एकेकच नाव होतं, त्याचाही मला अडसर वाटला नाही. काकांच्या आडतीच्या पाटीवर आजोबांचं एकट्याचंच नाव होतं, आणि गादीवर काका, मुनीम, दिवाणजी असे तिघे बसायचे.

त्या दिवसापासून शाळा सुटली की मी तिकडून घरी जायला लागले. फाटक उघडंच असायचं. मी त्यातल्या सगळ्यात लांब ओट्यापाशी, भिंतीच्या सावलीत बसायची. दप्तर मांडीवर घ्यायची आणि त्या आतल्या माणसांशी बोलायची. कानडीत. आत एक आजी आहे, तिच्या शेजारी सून, सुनेपलीकडे तिची बहीण, असं मी सगळं लावून टाकलं होतं. अंधार आहे, पण कुणी कुणाला एकटं सोडत नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांच्यात थोडं सरकून अव्वाला जागा देता आली तर, असंही एकदा मनात आलं. आज सत्तरीकडे झुकल्यावर हे लिहिताना मी थांबले आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्या पोरीला आता कुणी जवळ घेऊ शकत नाही, मीसुद्धा नाही.

पुढचा श्रावण आला. अव्वाचं वर्ष. दुधनीला समाधीची पूजा होणार, जंगमस्वामी येणार, लोक जेवणार, हे मला काका-काकूंच्या बोलण्यावरून कळलं. मी जाणार हे मी गृहीत धरलं होतं. पण अप्पांचा निरोप आला की पोरीला पाठवू नका, शाळा बुडवू नका. काका म्हणाले, "चाचणी परीक्षा आहे तुझी. आणि तिथं येऊन तू काय करणार?" ते एकटेच गेले. दुसऱ्या दिवशी काकूनं डब्यात दहीबुत्ती दिली होती, मोहरी-मिरचीची फोडणी दिलेला दहीभात. अव्वाला तो फार आवडायचा. मी देवघरातून विभूतीचा एक खडा घेतला, शेजारच्या मठाच्या आवारातून बेल तोडला, आणि शाळेच्या आधी गोल चर्च गाठलं. लांब ओट्यावरच्या क्रूसावर पाण्यानं विभूतीचे तीन पट्टे ओढले. बेल वाहिला. पळसाच्या पानावर दहीबुत्ती वाढली. आतल्या माणसांना हात जोडून म्हटलं, तुम्ही सगळे जेवा, आणि एक घास तिच्यासाठी बाजूला ठेवा.

"काय चाललंय गं हे?"

मागे एक म्हातारी उभी होती. पांढरं लुगडं, अंगानं काटकुळी, एका हातात झाडू आणि दुसऱ्या हातात शेवंतीची फुलं. मी सकाळी कधी येत नव्हते आणि ती संध्याकाळी कधी येत नव्हती, म्हणून इतके महिने आमची गाठ पडली नव्हती. तिचं नाव मार्थाबाई. मूळची नगरकडची, लग्न होऊन सोलापूरला आलेली.

"कुणाची तू? आन् हे काय फासलंस दगडाला?"

"विभूती," मी म्हटलं. "आज वर्ष आहे."

"कुणाचं वर्ष? आमच्या मालकांना जाऊन लई वर्सं झाली."

मग मनातलंच तोंडातून बाहेर पडलं. "यात किती जण बसलेत?"

"बसलेत?" मार्थाबाईंनी झाडू खाली ठेवला. "हितं कोण बसलंय? आमचे मालक हायत हितं. गार्ड होते रेल्वेत. आन् बसलेले न्हाईत, झोपलेत."

"मग एवढं लांब?"

"उंच होते की. दारातनं वाकून यायचे."

"एकटेच आहेत?"

"एकटेच."

मी ओट्याकडे बघितलं. ती आजी, ती सून, तिची बहीण, सगळ्या एका क्षणात उठून निघून गेल्या. मला इतकं रितं वाटलं की अव्वा गेल्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं. मार्थाबाईंनी मला दंडाला धरून ओट्याच्या कडेवर बसवलं आणि काय ते विचारून घेतलं. मी तुटक तुटक सांगितलं. आमच्यात बसवतात ते, पाण्यामुळे माळावर नेलं ते, मला घरी ठेवलं ते. त्या मधे एकदाच बोलल्या, "बसवत्यात व्हय? चांगलं हाय की. झोपलेल्यापेक्षा बरं." मग विचारलं: "नाव काय आईचं?"

"गौरव्वा."

"गौरव्वा," त्या म्हणाल्या. वर्षभरात ते नाव मी दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. विभूती पुसायला मी ओढणी पुढे केली, तर त्यांनी माझा हात मागे सारला. "राहू दे. मालकांनी जन्मात कदी कुणाला न्हाई म्हटलं न्हाई."

त्यांच्याकडून मला चर्चचा उरलेला इतिहास कळला, जो फादरांनी सांगितला नव्हता. पत्र्याच्या चर्चच्या मागे रेल्वेवाल्यांचं लहानसं कबरस्तान होतं. गार्डसाहेब गेले तेव्हा त्यांच्या डाव्या अंगाला मार्थाबाईंची जागा धरून ठेवलेली होती. वर्षानुवर्षं त्या ती झाडून स्वच्छ ठेवायच्या, आपल्या अंथरुणासारखी. पुढे गावात पुरणं बंद झालं, शहराबाहेर नवी जागा मिळाली, आणि नव्या चर्चचा नकाशा आला. चर्च मोठं व्हायचं तर मागे सरकणं भाग होतं. "आता तितं भिंतीचा पाया हाय," मार्थाबाई म्हणाल्या. "फादर घरी आले होते हो. हात जोडले मला. चांगला माणूस हाय. म्हणाले, बाई, देवाला सगळ्या जागा सारख्याच. म्या म्हटलं, देवाला असतील." त्या मिस्साला यायच्या, पण आत जायच्या नाहीत. बाहेर ओट्याच्या कडेला बसून कर्ण्यावरून ऐकायच्या. आत बसलं की आपल्याच जागेवर बसल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे मी मास्तरीण झाले त्या साली त्या गेल्या. त्यांना गावाबाहेरच्या जागेत नेलं, मीही गेले होते. आजही त्या गोल चर्चचं कौतुक कानावर पडलं, काचांचं, छपराचं, की मला ते पटतं. इमारत सुंदरच आहे. फक्त तिचा पाया कुठून कुठं गेलाय ते मला जरा जास्त माहीत आहे.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मार्थाबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. काकू गडबडली. चहा कशातून द्यावा यावर आत तिची बरीच भांड्यांची खडखड झाली आणि शेवटी पाहुण्यांची कपबशी आली. ती नंतर वेगळी ठेवली, तेही लिहायला हवं. मार्थाबाईंनी चहा घेतला आणि काकांना सरळ सांगितलं, "तुमची पोरगी आमच्या मालकांच्या उरावर दहीभात वाढती. माझी तक्रार न्हाई. पण तिला एकदा तिच्या आईकडं न्यावा. तुमाला जमत न्हसंल तर म्या नेते." काका तांबडेलाल झाले. त्यांना राग आला की लाज वाटली, मला अजून सांगता येणार नाही. मग म्हणाले, "रविवारची पॅसेंजर आहे. दुकान सोडून मला येता येणार नाही." रविवारी मार्थाबाईंनी मिस्सा बुडवली.

दुधनीला स्टेशनवरून घरापर्यंतची वाट मी पुढे आणि त्या मागे अशी चाललो. घराच्या दारात चिक्कव्वा उभी होती, अप्पांची नवी बायको, माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. ती माझ्याइतकीच घाबरलेली होती. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, गूळ-शेंगा पुढे ठेवल्या आणि आत जाऊन जी बसली ती बाहेर आलीच नाही. अप्पा आले. मला बघून त्यांनी नुसतं "आली?" म्हटलं, कानडीत. मार्थाबाईंनी येण्याचं कारण सांगितलं. अप्पांनी पटका डोक्याला गुंडाळला आणि माळाची वाट धरली. सगळ्या वाटेनं त्यांची पाठच दिसत होती.

लिंबाखाली चुन्यानं सारवलेला छोटा कट्टा होता, वर दगडाचं लिंग, आठवड्यापूर्वीच्या पूजेचा वाळलेला बेल. आजूबाजूला हिरवी तूर, आणि वारा. दुसरी समाधी नाही, घर नाही, माणूस नाही. मला जसं दिसत होतं तसंच होतं सगळं, त्याहूनही मोकळं. "एवढीशीच?" मार्थाबाई म्हणाल्या. "बसलीय ना," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग गुडघे धरत, कण्हत, त्या समाधीच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या, आणि मला दुसऱ्या बाजूला बसायची खूण केली. मी बसले. कट्टा उन्हानं तापला होता, त्याला पाठ लावून मी बसले. तरी माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. अप्पा थोडे लांब उभे राहून बांधावरचं गवत पायानं उकरत होते.

"वर्सभरात हिला एकदाबी का न्हाई आणलं?" मार्थाबाईंनी विचारलं.

माझे वडील बोलके कधीच नव्हते, त्यातून परकी बाई, आणि मराठीत बोलायचं. "सोलापूरच्या बाजाराला येतो म्या," अप्पा म्हणाले. "हिच्या गल्लीच्या तोंडापतूर येतो. परत जातो."

"का पण?"

"हितं आणली तर रडंल की ती." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "रडाय लागली तर उगी कसं करायचं, मला येत न्हाई. लहानपणापासनं तिला तिची आईच उगी करायची. म्या कदी केलंच न्हाई."

"मग रडू द्या की," मार्थाबाई म्हणाल्या. "उगी कशाला करायचं?"

अप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. असंही करता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्यांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला आणि आमच्या समोर, तुरीच्या ओळीत, धोतर सावरत हळूच खाली बसले. मला त्यांचं तोंड पहिल्यांदा नीट दिसलं. आणि मी रडायला लागले. गाडीची वेळ होईपर्यंत रडले, आणि कुणीही मला उगी केलं नाही.